गाभोळीचे दिवस

मरळ पकडायची सगळ्यात सोपी वेळ म्हणजे तिला पोरं झालेली असतात तेव्हाची. एरवी ती सहजी हाताला लागत नाही. तळ्याच्या काठाला, लव्हाळ्यात किंवा शेवाळाच्या आडोशाला दबा धरून बसेल, जाळ्याची चाहूल लागली की चिखलात तोंड खुपसेल, आणि गळाला लागलीच तरी अशी झटापट करेल की कच्चा दोरा टिकायचा नाही. पण पाऊस स्थिरावला, तळी भरली, की काठापासून थोड्या अंतरावर पाण्यात एक लालसर नारिंगी ठिगळ दिसायला लागतं. चुलीवरच्या भाताला उकळी फुटावी तसं तेवढंच पाणी बारीक बारीक उसळत असतं. जवळ गेलात, तुमची सावली पडली, की ठिगळ झटकन खाली जातं. गप्प उभे राहिलात तर मिनिटाभरात पुन्हा वर.

ती मरळीची पिल्लं. शेकड्यांनी, कधी हजारावर, एकमेकांना खेटून. मरळीला कल्ले असतातच, शिवाय डोक्याच्या पोकळीत हवा धरून ठेवणारा कप्पा असतो. तिला अधूनमधून वर येऊन हवा घ्यावीच लागते. ही सवय पिल्लांनाही लवकर लागते आणि म्हणून तो गोळा सारखा वरखाली होत राहतो. पिल्लं आगपेटीतल्या काडीपेक्षाही लहान असतात तोवर हा लाल रंग अंगावर असतो. त्यांच्या खाली, गढूळ पाण्यात, हातभर लांबीचं एक काळपट धूड हळूहळू फिरत असतं. मधूनच भुडूक असा आवाज येतो, पाण्यावर वर्तुळ उमटतं. मोठ्याने हवा घेतलेली असते.

गळ टाकणाऱ्याला एवढं पुरे. जिवंत बेडकी लावलेला गळ तो त्या लाल गोळ्याच्या बरोबर मधोमध टाकतो. एकदा, दोनदा, तीनदा. पहिल्या खेपेला खालचं धूड नुसतं ढुशी मारून बेडकी बाजूला सारतं. मग चिडतं. भूक नसताना तोंड उघडतं आणि बेडकी जबड्यात धरून दूर न्यायला बघतं. तेवढ्यात झटका बसतो. माशाने अन्न म्हणून गळ गिळलेलाच नसतो; पोरांच्या अंगावर आलेलं संकट त्याने तोंडात धरलेलं असतं.

तळ्याकाठी कोणालाही विचारा, पोरं वर दिसली की आई खाली असतेच, असं सांगतील. शास्त्राला मात्र त्या ‘आई’बद्दल शंका आहे. राखणीला बहुतेकदा दोघंही असतात, आणि जवळून राखण करणारा पुष्कळदा बाप असतो. जोडी मिळून काठच्या उथळ पाण्यातलं गवत, पाणवनस्पती तोंडाने तोडून ताटाएवढी मोकळी जागा करते. तिथे अंडी सोडली जातात. त्यांच्यात तेलाचा थेंब असतो म्हणून ती तळाला न जाता पाण्यावर तरंगतात, पिवळसर, साबुदाण्यापेक्षा बारीक. दीड दिवसाच्या आत ती फुटतात. पुढचा महिना, कधी दीड महिना, दोघं त्या गोळ्याला सोडत नाहीत. पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाली, लाल रंग जाऊन अंगावर मळकट काळपट रंग चढला, की गोळा विस्कटतो. मग मात्र आईबापांना पोरांची ओळख राहत नाही. मरळ मरळीला खुशाल खाते.

राखण करणारा मासा काढून घेतल्यावर पिल्लांचं काय होतं हे सांगायला फार शास्त्र लागत नाही. लाल रंगाचा तो गोळा खंड्याला वरून दिसतो, बगळ्याला काठावरून दिसतो, पाणसापाला आणि इतर माशांना खालून दिसतो. इतके दिवस त्यांना अडवणारं कोणी होतं. काठावरच्या माणसाच्या पिशवीत दीड किलोचा एक मासा जातो आणि तळ्यातून अख्खी एक पिढी उठते.

*

मासा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लाखो अंडी टाकून निघून जाणारा जीव येतो. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. हाडं असलेल्या माशांची जेवढी कुळं आहेत त्यांतल्या साधारण पाचातल्या एकाच कुळात अंड्यांची किंवा पिल्लांची काही ना काही देखभाल होताना दिसते. गंमत पुढे आहे. जिथे देखभाल होते तिथे ती करणारा बहुतेकदा बाप असतो, एकटा. सस्तन प्राण्यांत हे जवळजवळ अशक्य, पक्ष्यांत दोघं मिळून करतात, आणि माशांत मात्र बाप.

ही गोष्ट अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवली होती. ग्रीसमधल्या अखेलोओस नदीतल्या एका मिशाळ माशाचा नर अंड्यांपाशी दिवसेंदिवस थांबतो, जवळ येणाऱ्या माशांना हाकलतो, असं त्याने लिहून ठेवलं. पुढच्या लोकांना ती भाकडकथा वाटली, कारण युरोपातल्या इतर नद्यांतला त्याच जातकुळीचा मासा तसं वागताना कोणाला दिसला नव्हता. एकोणिसाव्या शतकात लुई अगासीने त्याच नदीतले मासे मिळवून पाहिले तेव्हा ती वेगळीच जात निघाली. आता तो मासा शास्त्रीय नावात अ‍ॅरिस्टॉटलचंच नाव घेऊन पोहतो.

बापच का, याचं उत्तर हिशेबाचं आहे. बहुसंख्य माशांत फलन शरीराबाहेर, पाण्यात होतं. मादी अंडी सोडते, नर त्यावर आपलं रेत सोडतो, आणि त्या क्षणी अंड्यांपाशी शेवटचा थांबलेला असतो तो नर. जागा बहुतेकदा त्याचीच. त्याने ती उकरलेली, साफ केलेली, इतर नरांपासून राखलेली. मादी निघून गेली तर तिला खाऊन-पिऊन पुन्हा गाभोळी भरता येते. नराला मात्र त्याच जागेवर दुसरी, तिसरी मादी येऊन अंडी घालून गेली तरी चालतं. एका घाण्याची राखण केली काय नि तीन घाण्यांची केली काय, कष्ट जवळपास तेवढेच. यात वात्सल्य शोधायला जाऊ नये, असं मला वाटतं. राखण करणारे कितीतरी नर भूक लागल्यावर आपल्याच अंड्यांतली काही गट्ट करतात, आणि उरलेली जीव तोडून सांभाळतात. आपल्या भाषेत या वागण्याला नाव नाही, आणि नसलेलंच बरं.

मरळीचा एक धाकटा भाऊबंद सह्याद्रीच्या ओढ्यांत, डोहांत, विहिरींतसुद्धा असतो. त्याला डोक, ढोक, डोकऱ्या अशी गावागणिक नावं आहेत. वीतभरही नसलेला, शेपटीच्या आणि पाठीच्या पराला नारिंगी किनार. बाजारात त्याला फार भाव नाही. पण याचं बाळंतपण थोरल्या मरळीपेक्षा पुढचं आहे. जोडी जुळली, अंडी पडली, की नर ती तोंडात गोळा करतो. घसा फुगलेला, तोंड मिटलेलं, अशा अवस्थेत तो कुठल्यातरी दगडाच्या कपारीत पडून राहतो. खाणं बंद. पिल्लं बाहेर आल्यावरही काही दिवस ती धोका दिसला की बापाच्या तोंडात परततात. मादी या काळात बिनफळलेली अंडी सोडते आणि पिल्लं ती खातात. मासे पाळायच्या टाक्यांत हे अनेकांनी पाहिलेलं आहे. अंड्यांतला काही वाटा पोरांचा आणि काही पोरांच्या जेवणाचा, अशी ही विभागणी. एका वेळची पिल्लं थोडीच, पण त्यांतली जगतात बरीच.

गोव्याच्या खाजणांत, मानशीच्या दारापाशी मिळणारी काळुंदर याहून वेगळ्या वळणाची. केरळात हिलाच करीमीन म्हणतात आणि २०१० साली तिला राज्याचा मासा म्हणून मान मिळाला. हिची जोडी दगडावर किंवा बुडालेल्या लाकडावर एकेक अंडं चिकटवते, दोघं आळीपाळीने परांनी वारा घालत राहतात, मेलेली, बुरशी आलेली अंडी वेचून काढतात. तिचं एक चिमुकलं पिवळं भावंड आहे. त्याची पिल्लं आईबापांच्या कुशीला तोंड लावून अंगावरचा चिकट स्राव खातात. श्रीलंकेत या दोघांचा सविस्तर अभ्यास करणाऱ्या वॉर्ड आणि वायमन या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली: हा पिवळा चिमुकला मासा संधी मिळेल तेव्हा काळुंदरीची अंडी पळवतो, आणि एरवी तिच्या अंगावरचे परजीवी वेचून तिची सेवाही करतो. या दोघांचे जवळचे नातेवाईक कुठे सापडतात, तर मादागास्करमध्ये. आफ्रिका, मादागास्कर, भारत एकत्र होते त्या काळाची ती खूण मानली जाते.

*

आता वळगण. रायगड-ठाण्यात वळगण किंवा वलगण, सिंधुदुर्गात चढणीचे मासे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून ओढे-वहाळ वाहते झाले, भाताची खाचरं भरली, की नदीतले, खाडीलगतच्या गोड्या पाण्यातले लहान मासे उलट्या प्रवाहाने वर चढायला लागतात. खवल्या, मळ्या, शिंगट्या. पोटं गाभोळीने तटतटलेली. रात्री बत्ती घेऊन, हातात पाग किंवा बांबूचा सापळा घेऊन, डोक्यावर इरलं किंवा हल्ली प्लास्टिकचा कागद घेऊन माणसं बांधावर उभी असतात. आठवड्याभरात हा सोहळा आटोपतो. त्या दिवसांत कोकणातल्या घराघरांत जे कालवण शिजतं त्याची चव सांगायला नको. गाभोळीमुळेच ती तशी असते.

हे मासे पोरांची राखण करत नाहीत. त्यांचं पालकत्व जागा निवडण्यात आहे. वर्षातले बहुतेक महिने जिथे पाणीच नसतं अशा खाचरांत, गवताळ चरांत, सखल माळांवर ते अंडी घालायला जातात. मोठे मासे अशा ठिकाणी अजून पोचलेले नसतात. पाणी उथळ, म्हणून उबदार. कुजणाऱ्या गवतामुळे आणि शेणामुळे पाण्यात सूक्ष्म जीवांची नुसती रेलचेल. चिकट अंडी गवताच्या पात्यांना लागतात, पिल्लं तिथे दोन महिने पोसतात आणि पाणी ओसरताना ओढ्याने खाली उतरतात. आईबाप तोवर कधीच परतलेले असतात.

म्हणजे या माशांचा सगळा भरवसा वाटेवर. आणि वाट आपण अडवली आहे. नदी ते ओढा, ओढा ते खाचर या साखळीत कुठे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, कुठे सिमेंटचा साठवण बंधारा, कुठे रस्त्याखाली एवढ्या उंचीवर टाकलेला मोरीचा पाइप की त्याच्या तोंडापर्यंत मासा उडी मारू शकत नाही. बंधाऱ्याच्या पायथ्याशी गर्दी झालेले मासे मग पागाच्या एका फेकीत मिळतात. वळगणीची मासेमारी आजची नाही, पिढ्यानपिढ्यांची आहे, आणि त्या मासेमारीने मासे संपले नव्हते. पाग टाकणारा सगळे मासे धरू शकत नाही. उरलेले वर पोचायचे. आता उरलेलेही वर पोचत नाहीत, आणि पोचले तर खाचरात तणनाशक पडलेलं असतं. तरी दोष द्यायची वेळ आली की बोट बांधावरच्या बत्तीकडेच जातं, बंधाऱ्याकडे जात नाही. बंधाऱ्याला कोनशिला असते.

या माशांची देशी नावं शास्त्रात गेलेली आहेत, हे जाता जाता सांगायला हवं. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी दख्खनभर फिरला आणि १८३९ साली त्याने इथल्या माशांची वर्णनं छापली. नावं त्याने कोळ्यांना विचारूनच घेतली असणार. म्हणून मळ्याच्या, शिंगटीच्या, कोळशाच्या लॅटिन नावात आजही मराठी शब्द बसलेला आहे.

*

राखण न करणाऱ्यांत सगळ्यात नावाजलेले म्हणजे रोहू, कटला, मृगळ. किलोभर वजनाची रोहू मादी दोन-तीन लाख अंडी सोडते. पुराच्या पाण्यात, नदीच्या पसरलेल्या पात्रात, नरमाद्यांची झुंड जमते, खळबळ उडते आणि अंडी वाहून जातात. पंधरा-सोळा तासांत फुटतात. पुढचं नशिबावर. तळ्यात ठेवलेला हाच मासा वाढतो, माजावर येतो, पण अंडी काही घालत नाही, कारण त्याला वाहत्या पुराची खूण मिळत नाही. म्हणून कित्येक वर्षं मत्स्यशेतीसाठीचं बी बंगाल-बिहारच्या नद्यांतून बारीक जाळ्यांनी गोळा करून मडक्यांतून, पुढे डब्यांतून देशभर जायचं, आणि त्यात रोहूबरोबर नको त्या शिकारी माशांची पोरंही यायची.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी हा पेच सोडवला. माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क काढून तो मादीला टोचला आणि तळ्यातल्या माशाने अंडी दिली. पुराची खूण सुईने दिली, म्हणा ना. १० जुलै हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज तयार संप्रेरकाची बाटली मिळते, गोल टाकीत पाणी फिरवत ठेवतात, तीन दिवसांचं मत्स्यजिरं लाखांच्या हिशेबाने विकलं जातं, त्याचं पुढे बोटुकली होते आणि ती तलावात सुटते. ज्या माशाला स्वतःला पोरं सांभाळता येत नाहीत त्याच्यासाठी आपण दाई झालो, पाळणाघर झालो.

लोणावळ्याजवळच्या वळवण तलावाकाठी खडस माशाचं, म्हणजे दख्खनी महसीरचं, असंच पाळणाघर १९७०च्या दशकापासून चालू आहे. टाटांच्या वीज कंपनीचं हे केंद्र, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे या माशाच्या अंड्यांचा, पिल्लांचा अभ्यास केला. खडस रोहूसारखा लाखांनी अंडी देत नाही. अंडी थोडी, पण मोठी, सोनेरी, भरपूर बलक असलेली. ती फुटायला तीन दिवस लागतात आणि पिल्लं पुढचे काही दिवस गोट्यांच्या सांदीत डोकं खाली करून, बलकावर जगत, पडून राहतात. आईने शिदोरी बांधून दिलेली असते, एवढीच काय ती काळजी. या सांदी भरल्या की संपलं. आणि वाळूउपशाने, गाळाने, धरणाच्या साचलेल्या पाण्याने नेमक्या त्याच भरतात. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे म्हणून खडसाला कोणी हात लावत नाही, त्यामुळे तिथे मोठमोठे मासे काठाला येऊन खातात. पण डोहातला मासा राखला तरी अंडी घालायची जागा वरच्या पात्रात असते, आणि देवीची हद्द तिथवर पोचत नाही.

वळवणची पिल्लं देशभर वाटली गेली. खडस आता जागतिक यादीत धोक्याबाहेर मोजला जातो. त्यातली बरीच पिल्लं कर्नाटकात कावेरीत सोडली गेली, तिथे ती फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा उंच पाठीचा, पन्नास किलोच्या घरात जाणारा महसीर मात्र हटत गेला. त्याला शास्त्रीय ओळख मिळेपर्यंत २०१८ उजाडलं, आणि ओळख मिळाली ती अतिसंकटग्रस्त या शिक्क्यासकट. पाळणाघर उत्तम चाललं; पोरं कुठल्या घरात सोडतोय ते कोणी पाहिलं नाही.

*

पालकत्वाच्या जोरावर राज्य करणारा मासा पाहायचा तर उजनीला जावं. भीमेवरचं हे धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. भिगवणच्या बाजारात सकाळी उभं राहिलं की टोपल्यांमागून टोपल्या चिलापीच्या येतात. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली. स्वस्त प्रथिनं मिळतील म्हणून आणली आणि मग तिने कोणाची परवानगी विचारली नाही.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं तेव्हा उघड्या पडलेल्या गाळात परातीएवढे गोल खड्डे शेजारी शेजारी दिसतात. ते चिलापीच्या नरांनी तोंडाने उकरलेले. नर आपापल्या खड्ड्यात काळा पडून मिरवतो, मादी फिरत फिरत एक खड्डा पसंत करते, अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलते. नराचं काम संपलं. इथे सांभाळणारी आई आहे. तोंडात तीन-चारशे अंडी, कधी त्याहून जास्त, सतत घोळवत ठेवलेली, म्हणजे प्रत्येकाला ताजं पाणी लागेल. चार-पाच दिवसांत ती फुटतात, पण पिल्लं दहा-बारा दिवस बाहेर येत नाहीत. त्यानंतरही आई जवळपास पोहत असते. तिने अंग तिरकं करून मागे सरकायला सुरुवात केली की सगळी पोरं तोंडाकडे धावतात आणि आत दिसेनाशी होतात. हे सगळे दिवस तिचं खाणं जवळपास बंद.

टोपलीत पडलेल्या चिलापींत अशी एखादी सापडते. गालफडं सैल, घसा खाली लोंबलेला. तिला उचलली की तोंडातून पिवळी अंडी, नाहीतर डोळे आलेली, पोटाला बलकाची पिशवी चिकटलेली पिल्लं, बाहेर सांडतात. जाळं ओढताना तर हे पाण्यातच होतं: अंगाला सूत लागलं की आई पोरं थुंकते, पिल्लं जाळ्याच्या कुठल्याही आसातून निसटतात आणि त्यांतली तगायच्या वयाची तगून जातात. आई टोपलीत, पोरं धरणात.

मरळ आणि चिलापी, दोघीही पोरं सांभाळणाऱ्या. फरक असा की मरळीने राखणीसाठी एक जागा धरलेली असते, काठाजवळची, उघड्यावरची, वर्षातून एखाद-दोनदा. चिलापी पोरं बरोबर घेऊन हिंडते. पाणी चढो, उतरो, धरणाची दारं उघडोत. शिवाय कोमट पाण्यात महिन्या-दीड महिन्याने तिचं पुढचं बाळंतपण येतं, आणि दाटी झाली तर बोटभर लांबीचीच होऊन ती अंड्यांवर येते. दारांवर चालणाऱ्या, पाणी वरखाली होणाऱ्या जलाशयात काठावर अंडी घालणारा मासा हरतो. चिलापीला ती अडचणच नाही. आपण धरण बांधलं तेव्हाच निकाल लावून टाकला होता.

तिच्या या मातृत्वाचा त्रास चिलापी पाळणाऱ्यालाही होतो. तळ्यात दोन मासे सोडले की सहा महिन्यांत किडूकमिडूक हजार. त्यावर उपाय म्हणून पिल्लांना सुरुवातीचे तीन-चार आठवडे नर-संप्रेरक मिसळलेलं खाद्य देतात आणि सगळी पोरं नर करून टाकतात. मत्स्यशेतीच्या दुकानात ‘मोनोसेक्स’ म्हणून विकलं जाणारं बी ते हे. रोहूसाठी आपण दाई झालो, चिलापीची आईच काढून टाकली.

आईपणाचा गैरफायदा घेणारे इतरही आहेत, हे सांगितलं नाही तर चिलापीवर अन्याय होईल. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात एक ठिपकेदार शिंगटी आहे. तोंडात अंडी सांभाळणाऱ्या चिलापीच्या भाऊबंदांची जोडी अंडी घालत असते त्या घाईत ती मध्ये घुसते, थोडी अंडी खाते, थोडी आपली टाकून जाते. आई ती आपलीच समजून उचलते. शिंगटीची पिल्लं आधी फुटतात आणि त्या तोंडातच यजमानाची पोरं खाऊन वाढतात. कोकिळेने लाजावं.

उजनीत आता सकर मासाही शिरला आहे, दक्षिण अमेरिकेतला, शोभेच्या टाक्यांतून कोणीतरी सोडून दिलेला. त्याचा नर काठाच्या मातीत हातभर लांब बीळ खोदतो आणि अंड्यांपाशी दार अडवून बसतो. खवलं चिलखतासारखी, जाळी फाडणारी, बाजारात मोल शून्य. मच्छीमाराला तो नको, बगळ्याला तो गिळवत नाही, आणि बाप बिळातून हलत नाही.

*

मासेमारीचे आपले नियम लहान माशाला वाचवण्यासाठी बनलेले आहेत. जाळ्याचा आस अमुक मापापेक्षा लहान नको, वडाप जाळं ओढायचं नाही, बोटुकलीएवढा मासा पकडायचा नाही. तत्त्व बरोबर आहे: मासा एकदा तरी अंडी घालून जाऊ दे. समुद्रात त्यापुढे जाऊन पावसाळी बंदी आहे, आणि ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. गोड्या पाण्यात जलाशय मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात असतो, तिथे निदान कोणाला विचारायचं ते ठाऊक असतं. ओढा, वहाळ, भातखाचर, गावतळ्याचा काठ यांना कोणी धनी नाही, आणि मरळीची, डोकीची, खवल्यांची बाळंतपणं नेमकी तिथे होतात.

शिवाय आसाचं माप मरळीच्या कामाचं नाही. मोठं जाळं, मोठा मासा, नियमात बसणारा. फक्त त्याच्या मागे हजार पोरं असतात, ती मोजली जात नाहीत. मरळीच्या बाबतीत लहानांना वाचवायचं तर मोठ्याला सोडावं लागतं, आणि तेही वर्षभर नव्हे, दीड महिना.

मरळीच्या पिल्लांना दुसरीकडूनही मागणी आहे. हैदराबादला मृग लागताना बथिनी घराण्याकडून दम्यावर दिला जाणारा माशाचा प्रसाद घ्यायला देशभरातून हजारोंनी लोक जातात. औषध तोंडात भरलेलं मरळीचं जिवंत पिल्लू गिळायचं. त्यासाठीची पिल्लं मत्स्यविभाग पुरवतो. औषधाच्या गुणाबद्दल डॉक्टरांचं मत काय आहे ते सर्वांना माहीत आहे. मी फक्त तारखेकडे बोट दाखवतो: पावसाच्या तोंडाची, मरळीच्या विणीच्या हंगामाची. त्याच तेलंगणाने मरळीला राज्यमासा म्हणून निवडलेलं आहे. महाराष्ट्राने २०२३ साली निवड केली ती पापलेटची. समुद्र आपल्या डोळ्यांत भरतो, तळं भरत नाही.

मरळीची पैदास केंद्रात होत नाही असं नाही. संप्रेरक टोचून ती अंडी देते. पिल्लांना जिवंत खाद्यावरून कोरड्या गोळीखाद्यावर आणणं कठीण, आणि वाढीत जरा फरक पडला की मोठं पिल्लू लहानाला खातं. त्यामुळे मरळ पाळणारे पुष्कळजण बियाण्यासाठी अजूनही तळ्यातला तो लाल गोळाच बारीक जाळीने अख्खा उचलतात. जंगली मरळीच्या राखणीवर त्यांचा धंदा उभा आहे.

खरं तर पोरांवरची मरळ धरू नये हा नियम करायला आयोग नको आणि अधिनियमही नको. तळ्याचा ठेका घेणारी संस्था आपल्या सभासदांना तेवढं एक वाक्य सांगू शकते. लाल गोळा दिसला की गळ दुसरीकडे टाकायचा. यात धंद्याचं नुकसानही फारसं नाही. राखणीतल्या माशाला खायला फुरसत नसते. महिनाभर पोरांमागे फिरून तो हाडकलेला असतो, आणि वजनावर विकणाऱ्याला ते काट्यावर दिसतंच. दिवाळीपर्यंत थांबलं तर तीच मरळ त्याच काठाला मिळते, भरलेली.